खाचेतली पायरी

ठाण्यात कोलशेत रस्त्यावर सँडोझबाग नावाची वस्ती आहे. नाव कारखान्याचं, पण कारखाना उरलेला नाही. सँडोझचा रसायनांचा धंदा 1995 मध्ये वेगळा होऊन क्लॅरियंट झाला. पुढे क्लॅरियंटने इथली जमीन विकली आणि तिच्यावर लोढांची अमारा वसाहत उभी राहिली. बायरच्या जागेवर कल्पतरूचे टॉवर आले, त्यांच्याशेजारी 2024 मध्ये मोठं उद्यान खुलं झालं. ढोकाळी, बाळकूम, मनोरमानगर हा सगळा पट्टा एका पिढीच्या डोळ्यांदेखत कारखान्यांचा होता तो घरांचा झाला. रस्ता संपतो तिथे जुनं कोलशेत गाव आहे, त्याच्यापुढे उल्हास नदीची खाडी आणि पलीकडे काल्हेरची गोदामं.

इतकी घरं म्हणजे किती दारं असतील, याचा विचार सहसा कोणी करत नाही. या टॉवरांतल्या खोल्यांची बहुतेक दारं फ्लश डोअर असतात. आत ब्लॉकबोर्डचा गाभा, दोन्ही अंगांनी प्लाय, वर लॅमिनेट किंवा व्हीनियर. दार ठरलेल्या मापात येतं, बिजागऱ्या लागतात, कुलूप बसतं. सुताराने तिथे सांधा असा काही करायचा नसतो. त्यामुळे याच रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, एक मिस्त्री सागाच्या दारांना आणि टेबलांना अजून खाच आणि कुसू करतात, आणि तेही राउटर हे लाकूड कोरायचं विजेचं यंत्र लावून, हे कळल्यावर मला ते पाहायचंच होतं. मी तिथे पुन्हा पुन्हा गेलो. हा लेख त्या सांध्यावर आहे, आणि त्यातही त्याच्या एका लहानशा भागावर, ज्याला इंग्रजी पुस्तकं हाँच म्हणतात. शेडमध्ये मिस्त्री त्याला नुसतं ‘पायरी’ म्हणतात आणि तोच शब्द मला पुरेसा वाटतो.

सांधा मुळात साधा. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत घट्ट जाईल असा जिभेसारखा भाग काढायचा. मराठीत त्याला कुसू म्हणतात. मिस्त्रींचा उत्तर प्रदेशातला मदतनीस खाचेला साल आणि कुसवाला चूल म्हणतो, आणि शेडमध्ये दोन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात. दाराचं लाकूड 35 मिलिमीटर असेल तर कुसू 12 मिलिमीटर. याहून जाड केलं तर खाचेच्या दोन्ही बाजूंच्या भिंती पातळ होऊन फुटतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं.

खरी अडचण कोपऱ्यात येते. दाराची वरची आडवी पट्टी उभ्या पट्टीला अगदी टोकाशी मिळते. तिथे कुसू आडव्या पट्टीच्या पूर्ण रुंदीचं ठेवलं, तर खाचही उभ्या पट्टीच्या टोकापर्यंत जाते आणि वरून उघडी पडते. अशा खाचेला वरची भिंतच नसते. डिंकाने दगा दिला की आडवी पट्टी वर सरकायला मोकळी. म्हणून कुसू अरुंद करायचं, पट्टीच्या वरचा तिसरा हिस्सा सोडून द्यायचा, म्हणजे खाचेच्या वर भरीव लाकूड राहतं. पण तो सोडलेला तिसरा हिस्सा आता नुसता टेकलेला असतो, त्याला कोणी धरलेलं नसतं. लाकूड वाळताना पीळ खातं, आणि वर्षभरात त्या कोपऱ्यात केसाएवढी फट दिसायला लागते. दोन्हींतून वाट काढायची तर सोडलेल्या हिश्श्यातही कुसवाचा एक आखूड तुकडा ठेवायचा. तो फक्त 10–12 मिलिमीटर आत जातो, म्हणून खाचेवरचं लाकूड फारसं कमजोर होत नाही, आणि पट्टीचा वरचा काठ मात्र पिळायचा थांबतो. हा तुकडा म्हणजे पायरी. कुसू बाजूने पाहिलं तर आधी आखूड, मग लांब, असा जिन्याचा एक टप्पा दिसतो.

दिल्ह्याच्या, म्हणजे चौकटीत फळ्या बसवलेल्या दारात या पायरीला आणखी एक काम असतं. दिल्हे बसवायला उभ्या पट्टीच्या आतल्या काठाला खोबण मारलेली असते आणि हाताने किंवा मशीनने मारताना ती टोकापर्यंत जाते. सांध्याच्या वर त्या खोबणीचं भोक उघडं राहिलं असतं. पायरीची जाडी आणि खोली खोबणीइतकीच ठेवली की ते भोक आपोआप भरतं. ज्याने कोणी हे पहिल्यांदा जुळवलं, त्याने एका तुकड्यात दोन दुखणी मिटवली. सुतारकामात इतकी नेमकी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

हे सगळं ठाण्यात जास्त महत्त्वाचं आहे, कारण इथली हवा. पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, शेजारी खाडी, आणि मग एप्रिल-मेची कोरडी दुपार. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. साग या बाबतीत गुणी, इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतो. भारतीय मानकांनी लाकडातल्या ओलाव्यासाठी देशाचे दमटपणानुसार पट्टे पाडले आहेत आणि किनाऱ्याकडच्या दारासाठी कोरड्या प्रदेशापेक्षा जास्त ओलावा चालवून घेतला आहे, कारण फार सुकवलेलं लाकूड इथे आणलं तर ते हवेतलं पाणी पिऊन फुगणारच. दिल्ह्याचं दार हे या हालचालीला दिलेलं उत्तर आहे. रुंद फळ्या खोबणीत मोकळ्या सोडायच्या, त्यांना हवं तितकं फुगू द्यायचं, आणि दाराचं माप चौकटीच्या चार सांध्यांवर सोपवायचं. ते चार सांधे ढळले की दार खाली लोंबतं आणि उंबऱ्याला घासतं. केंद्रीय लोकनिर्माण खात्याची जुनी विनिर्देशपुस्तकं म्हणूनच या सांध्याबद्दल फार काटेकोर आहेत. कुसू जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि सांधा दाबून बसवल्यावर त्यात सुमारे 6 मिलिमीटर व्यासाची बांबूची खीळ ठोका. खिळ्याचं लोखंड गंजतं आणि ओल्या सागाला काळा डाग पाडतं, बांबू मात्र लाकडाबरोबर राहतो.

सांधा जुना आहे. किती जुना, हे जर्मनीत लाइपझिगजवळ सापडलेल्या विहिरींनी दाखवलं. ओकच्या फळ्या खाच-कुसवाने जोडून त्या बांधल्या होत्या, आणि लाकडाच्या वर्षवलयांवरून त्यांचा काळ इसवी सनपूर्व 5200 ते 5100 च्या आसपास ठरला. धातूचं हत्यार तेव्हा नव्हतं, खाचा दगडी वाकसाने पाडलेल्या. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यातल्या चैत्याची दर्शनी बाजू लाकडाची होती. लाकूड गेलं, पण ते अडकवायला खडकात कोरलेल्या खाचा अजून दिसतात. म्हणजे कुसू नाहीसं झालं आणि खाच दोन हजार वर्षं थांबून राहिली. कार्ले लेण्यातल्या चैत्याच्या छताखाली तर जुने लाकडी वासे अजून जागेवर आहेत.

कोलशेतच्या खाडीचंही लाकडाशी नातं आहे. ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि त्यांनी तिथे जहाजं बांधायला घेतली. पोर्तुगीज कारागीर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा त्या कामावर होते, आणि पोर्तुगीजांनी त्यांना काम सोडायला लावलं. कल्याणहून वसईच्या समुद्राकडे जाणारी पाण्याची वाट याच खाडीतून जाते. किनाऱ्यावरच्या वाड्यांनी पुढे दर्यावर्दी लोक दिले, मासेमार दिले, रेती काढणारे दिले. जहाजाचं काम आणि दाराचं काम वेगळं, पण पाण्यात ज्याची परीक्षा होते असं लाकूड कसं जोडायचं, हा प्रश्न या काठाला नवा नाही.

आता हाताच्या कामाकडे येतो. खतकसाने दोन समांतर रेघा ओढायच्या, गुण्याने टोकं आखायची, पटाशी उभी धरून मोगरीने ठोकत जायचं, भुसा उपसायचा, पुन्हा ठोकायचं. मिस्त्रींनी तरुणपणी असंच काम केलं. चांगली खाच पाडायला हात सरळ हवा, पटाशीला धार हवी आणि खांद्यात दम हवा. दिवसाच्या शेवटच्या खाचा पहिल्यासारख्या येत नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मशीनने खाच पाडण्याची कल्पनाही काही कालची नाही. 1800 नंतरच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून हेन्री मॉड्सले यांनी जहाजाच्या कप्प्या बनवायची यंत्रं उभी केली. त्यातलं एक खास खाचा पाडायचं होतं. दहा अकुशल माणसं एकशेदहा कारागिरांचं काम करू लागली, असं तेव्हापासून सांगतात. हातात धरायचा विजेवरचा राउटर पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघाला आणि वरून दाबून आत उतरवता येणारा राउटर 1950 च्या सुमारास जर्मनीतल्या एलू कंपनीने बाजारात आणला. खाचेसाठी हा दुसराच लागतो. ठाण्यातल्या बहुतेक सुतारांकडे असतो तो लहान ट्रिमर, लॅमिनेटच्या कडा उतरवायला. तो खोल खाचेच्या कामाचा नाही. त्याने खोल जायचा हट्ट धरला तर पाते भाजतं आणि मोटरही.

शेडमध्ये मी पाहिलं ते टेबलाचं काम होतं. पाय 60 बाय 60 चा, वरची आडवी पट्टी 90 मिलिमीटर रुंद आणि 25 जाड. कुसू 10 मिलिमीटर जाड, 60 रुंद, 40 लांब. पायरी 30 रुंद, 10 लांब. सगळं काम एका जिगवर चालतं आणि जिग म्हणजे 12 मिलिमीटर प्लायचा, मधोमध झिरी असलेला एक तुकडा, खाली त्याला पायाला चिकटून बसेल असा ठोकळा. राउटरच्या तळाला 24 मिलिमीटर व्यासाची पितळी बुश, म्हणजे पोकळ कडी, लावलेली असते आणि झिरी तेवढीच, 24 रुंद. बुश झिरीत मागे-पुढे धावते, पाते तिच्या मधोमध फिरतं. पाते 10 मिलिमीटरचं, म्हणजे बुशच्या कडेपासून पात्याच्या कडेपर्यंत दोन्हीकडे 7–7 मिलिमीटर. खाच 60 हवी तर बुशला 74 मिलिमीटर धाव लागते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं.

पायरीची युक्ती याच झिरीत आहे. मिस्त्रींनी झिरी 74 ची नाही, 110 ची ठेवली आहे. उरलेल्या 36 मध्ये एक सागाचा ठोकळा बसतो. ठोकळा आत असताना पूर्ण खोल खाच पाडायची, एका वेळी पाच-सहा मिलिमीटर उतरत, चाळीसपर्यंत. मग ठोकळा काढायचा. राउटरच्या खोलीच्या थांब्याला फिरती चकती असते, तिच्यावर वेगवेगळ्या उंचीचे तीन स्क्रू. चकती एक घर फिरवली की राउटर दहाच मिलिमीटर उतरतो. पुन्हा एकदा झिरीभर चालवायचा. पायरीची जागा तयार. मापायचं, आखायचं काही नाही, कारण ते जिग बनवताना एकदाच झालेलं असतं.

ठोकळा 30 ऐवजी 36 का, हे विचारल्यावर मिस्त्रींनी पायाचं टोक दाखवलं. राउटरचं पाते गोल, म्हणून खाचेची टोकंही गोल येतात. पायरीची खाच पायाच्या नेमक्या टोकाला संपवली तर तिचे कोपरे गोल राहतील आणि पायरी तिथे बसणार नाही. म्हणून पाय आधी वरून वीसेक मिलिमीटर लांब ठेवायचा आणि खाच त्या जादा लाकडात सहा मिलिमीटर पुढे न्यायची. गोलाई तिथे राहते आणि सांधा चिकटल्यावर तो तुकडा करवतीने कापून टाकतात. त्या जादा तुकड्याचा दुसरा उपयोगही आहे. कुसू ठोकून बसवताना पायाचं टोक फुटत नाही. सहा मिलिमीटरचा हा विचार कुठल्याही मशीनबरोबर खोक्यात येत नाही.

खाचेच्या खालच्या गोल टोकाचं काय करायचं, यावर सुतारांत दोन पक्ष आहेत. काही जण पटाशीने कोपरे चौकोनी करतात, काही कुसवाच्या कडा कानशीने गोल करतात. मिस्त्री दुसऱ्या पक्षातले. खाच खोल असते, आत पटाशी तिरपी जाते, आणि कुसू हातात असतं, डोळ्यांसमोर असतं. मला त्यांचं पटतं. कुसू मात्र ते राउटरवर करत नाहीत, टेबलावरच्या गोल करवतीवर गाल आणि खांदे कापतात आणि शेवटचा कागदाएवढा थर रंध्याने काढतात. हाताने ढकलल्यावर जावं आणि उलटं धरल्यावर पडू नये, इतकं ते जुळलं पाहिजे. सैल कुसू डिंकाने भरून निघत नाही, हा त्यांचा ठाम नियम. 1959 मध्ये फेविकॉल आलं आणि डिंक शिजवायचं काम संपलं, ते उत्तमच झालं, पण त्याने सैल सांध्याला आधार मिळतो हा समज मात्र चुकीचा आहे. डिंक दोन घट्ट चिकटलेल्या पृष्ठांतच काम करतो.

राउटर वाटतो तेवढा सोपा नाही. पाते मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. एका बाजूला हलकं टेकवून, फिरण्याच्या उलट दिशेने ढकलायचं. उलटं केलं तर मशीन हातातून पळतं. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार खाऊन टाकते, म्हणून कार्बाइडचं पाते लागतं. वळणदार, भुसा वर फेकणारं पाते घेतलं तर खाच मोकळी राहते आणि तळ जळत नाही. जिगच्या प्लायची जाडी खोलीत मिळवायची असते, म्हणजे 40 च्या खाचेला पाते 52 बाहेर यावं लागतं, आणि बुश प्लायपेक्षा आखूड हवी, नाहीतर ती लाकडाला टेकून सगळं वर उचलते. आणि धूळ. कठीण लाकडाची धूळ नाकाचा कर्करोग करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच पहिल्या गटात नोंदवलं आहे. शेडमध्ये व्हॅक्यूमचा पाइप होता, तोंडाला मास्कही. बाहेरच्या साइटवर टॉवरच्या बंद खोल्यांत ट्रिमर चालवणारी पोरं मी नुसता रुमाल बांधून काम करताना पाहिली आहेत. मशीन आलं आणि धूळ पटाशीच्या काळापेक्षा कितीतरी बारीक झाली, ही गोष्ट ठेकेदारांनी आणि घरमालकांनी दोघांनीही मनावर घ्यायला हवी.

राउटरमुळे कसब संपतं, असं म्हणणारे जुने लोक मला भेटले. मला तसं दिसलं नाही. कसब जागा बदलतं. पटाशीच्या काळात ते प्रत्येक खाचेत लागायचं, आता ते जिगमध्ये लागतं. मिस्त्रींच्या शेडच्या भिंतीवर असे प्लायचे तुकडे टांगलेले आहेत, प्रत्येकावर पेन्सिलीने मापं आणि पात्याचा व्यास. 35 च्या दाराचा वेगळा, टेबलाचा वेगळा, खिडकीचा वेगळा. माझ्या दृष्टीने ते या माणसाच्या तीस-चाळीस वर्षांच्या विचाराचं दप्तर आहे. मदतनीसाला खाच पाडणं शिकायला फार काळ लागला नाही. जिग का असा, हे कळायला मात्र वेळ लागतो, आणि ते त्याला शिकवलं जातंय हे मी पाहिलं. मिस्त्री त्याला आधी एक सांधा पूर्ण हाताने करायला लावतात, मगच राउटर देतात.

हे शिक्षण शेडबाहेर कुठे मिळतं? वागळे इस्टेटच्या सरकारी आयटीआयसारख्या संस्था आहेत, देशभरच्या आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात खाच-कुसू आहेच. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचा रोज 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत मिळते. माझी मागणी लहान आहे. त्या प्रशिक्षणात एक दिवस जिग बनवायला द्यावा. बुश, झिरी, ठोकळा, आणि पात्याच्या कडेचा तो 7 मिलिमीटरचा हिशेब. प्लायचा तुकडा कुठल्याही साइटवर वाया गेलेला सापडतो, पितळी बुश महाग नाही. राउटर महाग आहे, पण तो चार-पाच जणांत मिळून घेता येतो.

टॉवरातल्या फ्लश दारांवर माझा राग नाही. आतल्या खोलीला, न्हाणीघराला ते पुरतं, आणि इतकी घरं सागाच्या दिल्ह्याच्या दारांनी भरायला जंगल पुरणार नाही. पण मुख्य दार, जेवणाचं टेबल, आजीच्या खोलीतली खिडकी यांच्यासाठी सांधा परवडतो, आणि राउटरमुळे तो आता आणखी परवडायला लागला आहे. लाकूडही जवळ आहे. जुनी घरं, चाळी पाडल्या की त्यांचे सागाचे वासे आणि चौकटी विकायला येतात. शंभर वर्षं सुकलेलं ते लाकूड आज मिळणाऱ्या कोवळ्या सागापेक्षा पुष्कळ शांत असतं. मिस्त्री तेच पसंत करतात. त्यात खिळे लपलेले असतात, म्हणून राउटर लावण्याआधी ते प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवतात. एक खिळा कार्बाइडचं पाते क्षणात फोडतो.

मी शेवटचा गेलो तेव्हा पाडलेल्या घराच्या अशाच वाशांतून मुख्य दार होत होतं. 45 मिलिमीटर जाड, म्हणून कुसू 15 चं आणि जिग नवा. 15 चं पाते बाजारात सहज मिळत नाही. मिस्त्रींनी 12 चं लावलं आणि झिरी 24 ऐवजी 27 ठेवली, म्हणजे बुश आधी एका काठाला घासत न्यायची, मग दुसऱ्या. झिरी तासून झाल्यावर त्यांनी फेकायच्या लाकडावर एक खाच पाडली, व्हर्नियरने मोजली, पंधराला थोडी कमी भरली. पॉलिश पेपर एका सरळ पट्टीवर चिकटवून ते झिरीचा काठ घासायला बसले. मदतनीस दुसरा तुकडा शिकंज्यात लावून उभा होता.